कापड आटलं तर विचारायचं कोणाला?



मागच्या वर्षी आपल्या एका गटाला एका खासगी शाळेची गणवेशाची ऑर्डर मिळाली होती, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. साठ गणवेश होते. गटाने संघाकडून कर्ज घेतलं, शहरातल्या एका ठोक दुकानातून ताग्याने कापड आणलं आणि रात्री दहा-दहा वाजेपर्यंत मशीन चालवून वेळेत माल दिला. शाळा खूश, गटही खूश. पंधरा दिवसांनी बावीस गणवेश परत आले. पोरांच्या बाह्या मनगटाच्या वर चढल्या होत्या आणि पँट घोट्याच्या वर.

"काहून जी मॅडम, माप तर बरोबर घेतलं होतं आम्ही," गटाच्या सचिव ताई मला म्हणाल्या. माप बरोबरच होतं. आटलं ते कापड. दुकानदाराने "टेरीकॉट आहे, आटत नाही" असं सांगून दिलं होतं आणि आपण ते मानलं. परत गेल्यावर तो म्हणाला, "बाई, तुम्हीच गरम पाण्यात धुतलं असेल." आपल्याकडे उत्तर नव्हतं. गटाला साडेआठ हजाराचा फटका बसला. तो हप्ता गेल्या महिन्यात कुठे पूर्ण फिटला.

त्या बैठकीत मागे बसलेल्या एका ताईंनी विचारलं, "मातीची तपासणी होते, पाण्याची होते, दुधाची होते. मग कापडाची तपासणी कुठे होते?" मला तेव्हा सांगता आलं नाही. मी समाजकार्य शिकले, कापड नाही. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. म्हणून हा लेख.

आधी कापड आटतं का, ते बघू. मागावर ताण्याचे धागे खूप ओढून धरलेले असतात. पुढे रंगवताना, धुताना, इस्त्री करतानाही कारखान्यात कापड लांबीच्या बाजूने ओढलं जातं. ते ताणलेल्या अवस्थेतच ताग्यावर गुंडाळलं जातं. आपण पहिल्यांदा पाण्यात टाकतो तेव्हा सुताचा धागा फुगतो, ताण सुटतो आणि कापड आपल्या मूळ जागी येतं. म्हणूनच आटणं लांबीत जास्त दिसतं, रुंदीत कमी. सुती कापड जास्त आटतं, पॉलिस्टर फार कमी. टेरीकॉट म्हणजे दोन्हींची भेसळ. त्यात सूत किती आणि पॉलिस्टर किती, यावर ते किती आटेल हे ठरतं.

हा त्रास फक्त आपल्यालाच झाला असं समजू नका. अमेरिकेत क्लुएट-पीबॉडी नावाची कंपनी होती, ॲरो नावाचे शर्ट काढणारी. शंभर वर्षांपूर्वी तिच्याही गिऱ्हाइकांचे शर्ट आणि कॉलर धुतल्यावर आखूड व्हायचे. कंपनीतल्या सॅनफोर्ड क्लुएट या माणसाने एक यंत्र काढलं. त्यात कापड रबराच्या जाड पट्ट्यावरून नेऊन, ओलं करून आधीच आकसवलं जातं, म्हणजे नंतर धुतल्यावर ते फारसं आटत नाही. त्याच्याच नावावरून 'सॅन्फोराइज्ड' हा शब्द आला. कापडाच्या काठावर हा शब्द छापलेला तुम्ही पाहिला असेल. म्हणजे कंपनीला अडचण आली, कंपनीने पैसा लावला आणि उत्तर शोधलं. आपल्याला अडचण आली तेव्हा आपण कर्जाचा हप्ता भरला. फरक एवढाच आहे, पण तो लहान नाही.

आपल्या महाराष्ट्रात कापडाचं शास्त्र शिकवणाऱ्या संस्था कशा उभ्या राहिल्या, ते वाचताना हाच धागा मला पुन्हा पुन्हा सापडला. मुंबईत 1854 साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन झाली. नागपुरात जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जवळ होता, रेल्वे होती, म्हणून नागपूर. गिरण्या वाढल्या, पण यंत्रं इंग्लंडहून यायची आणि ती चालवणारे जाणकारही तिथूनच, मोठा पगार देऊन आणावे लागायचे. म्हणून गिरणीमालकांना वाटलं की इथलीच माणसं शिकवून तयार करावी. 1887 साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. सर दिनशॉ पेटिट यांच्यासारख्या गिरणीवाल्यांनी तिला देणगी दिली. आधी भायखळ्याला होती, 1923 साली माटुंग्याला गेली. तिलाच आपण व्हीजेटीआय म्हणतो आणि आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था आहे. तिथल्या अगदी सुरुवातीच्या शिक्षणात कताई-विणाई होती.

पुढे 1933 साली मुंबई विद्यापीठाने रसायन तंत्रज्ञानाचा विभाग काढला. रंगाई-धुलाईचं रसायनशास्त्र हा तिथल्या पहिल्या विषयांपैकी एक. तीच आजची माटुंग्याची आयसीटी. 1950 मध्ये रेशीम आणि कृत्रिम रेशमाच्या गिरण्यांनी मिळून सस्मिरा ही संस्था काढली, तिथे संशोधनही होतं आणि अभ्यासक्रमही चालतात. 1954 मध्ये मुंबईच्या सुती गिरण्यांची संशोधन संस्था निघाली, बीट्रा. तिकडे इचलकरंजीत यंत्रमागांचं गाव होतं. तिथल्या सहकारातल्या लोकांनी 1982 साली स्वतःची शिक्षणसंस्था काढली, डीकेटीई. घरोघरी माग चालवणाऱ्या गावात कापडाचं इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं, हे मला फार आवडलं.

या सगळ्यांची पद्धत साधारण एकच. गिरणी किंवा कंपनी आपली अडचण कॉलेजकडे नेते. धागा वारंवार तुटतो, रंग एकसारखा बसत नाही, पाणी फार लागतं, अशी काही. सोबत पैसाही देते. कॉलेजचे गुरुजी आणि विद्यार्थी प्रयोगशाळेत त्यावर काम करतात. उत्तर कंपनीला मिळतं, अनुभव विद्यार्थ्याला मिळतो आणि पुष्कळदा त्याच कंपनीत नोकरीही. कोणी यंत्र देतं, कोणी शिष्यवृत्ती देतं. यात वाईट काही नाही. उलट असं झालं नसतं तर अर्धी ज्ञानशाळा उभीच राहिली नसती.

पण पैसा ज्याचा, प्रश्न त्याचा. गिरणीचा प्रश्न असायचा की कमी वेळात, कमी माणसांत जास्त कापड कसं निघेल. मुंबईच्या गिरण्यांत 1920 च्या सुमारास पाच कामगारांमागे जवळपास एक बाई होती. बहुतेक जणी सूत गुंडाळण्याच्या, रिळं भरण्याच्या खात्यात. पुढे वेगाची यंत्रं आली आणि सगळ्यात आधी तीच कामं कमी झाली. दुसरीही कारणं होती. बायकांना रात्रपाळी बंद झाली, बाळंतपणाचा खर्च मालकावर आला. पण शेवटी गिरणीत बाई शोधून सापडेना. त्या बाईचं काम टिकून ते सोपं कसं होईल, हा प्रश्न घेऊन कोणी कॉलेजात गेलं असेल असं मला वाटत नाही. तिच्याकडे कुठे होती देणगी द्यायला?

हा उलटा प्रश्न एकदा मात्र विचारला गेला. 1929 साली गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाने एक बक्षीस जाहीर केलं, चांगला चरखा बनवणाऱ्याला एक लाख रुपये. त्या काळचे एक लाख! त्याच्या अटी ऐका. चरखा हलका हवा. खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालला पाहिजे. एका बाईला त्यावर फार न थकता सलग आठ तास काम करता आलं पाहिजे. आठ तासांत 16,000 वार सूत निघालं पाहिजे, म्हणजे साडेचौदा किलोमीटरच्या वर. किंमत दीडशे रुपयांच्या आत. आणि वीस वर्षं टिकला पाहिजे.

बाई थकता कामा नये, ही अट यंत्राच्या कागदावर लिहिलेली मी पहिल्यांदाच वाचली.

ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही त्यासाठी चरखा बनवण्याची खटपट झाली होती. सगळ्या अटी एकत्र बसणं सोपं नव्हतं. पण काम थांबलं नाही. वर्ध्याला जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत मगनवाडी उभी राहिली. मगनलाल गांधींच्या नावाने, ज्यांनी चरख्याच्या शास्त्रावर आयुष्य घातलं. तिथलं मगन संग्रहालय 1938 साली सुरू झालं. नंतर तामिळनाडूच्या एकंबरनाथन यांनी एकाच वेळी अनेक चात्यांवर सूत काढणारा अंबर चरखा बनवला आणि तो देशभर गेला. त्याच मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, लोक तिला एमगिरी म्हणतात. खादी आणि कापडावर काम करणारा वेगळा विभाग तिथे आहे. गोंदियाहून सकाळच्या गाडीने निघालं तर नागपूर ओलांडून दुपारपर्यंत वर्ध्याला पोचतो. मुंबई आपल्याला लांब आहे, वर्धा नाही.

आता आपल्या कोशाकडे येऊ. आपल्या भागातल्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर कोसा होतो. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडे ढीवर समाजाच्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या तो सांभाळला. अळ्यांना पक्ष्यांपासून, मुंग्यांपासून राखत पुरुष जंगलात मुक्काम करतात. कोष घरी आले की पुढचं काम बहुतेक बाईचं. तसरचा कोष फार कडक असतो. अळी तो डिंकासारख्या पदार्थाने घट्ट चिकटवते. म्हणून तो सोडा घालून उकळायचा, मऊ करायचा आणि मग चार-पाच कोषांची टोकं एकत्र घेऊन धागा ओढायचा. धाग्याला पीळ देण्यासाठी जुनी रीत अशी की बाई पायावरचं लुगडं वर घेते आणि उघड्या मांडीवर धागा वळते. एका हाताने मांडीवर वळायचं, दुसऱ्या हाताने नटव्यावर गुंडाळायचं. दिवसभर, वर्षानुवर्षं. मांडीची कातडी सोलते, काळी पडते, फोड येतात. आणि त्या धाग्याची साडी हजारोंना विकते.

ही रीत छत्तीसगड, झारखंड, बिहार, ओडिशात फार होती. छत्तीसगडातलं चांपा हे कोशाचं मोठं गाव आपल्याच हावडा लाइनवर आहे. गोंदियाहून गाडीत बसलं की गाडी न बदलता तिथे पोचतो. तसरवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था रांचीला 1964 पासून आहे. पण तिथेही पुष्कळ वर्षं जास्त भर अळीवर, झाडावर, रोगावर राहिला. तेही लागतंच म्हणा, कोषच नसले तर धागा कशाचा? मांडीवर धागा वळणाऱ्या बाईला पर्याय द्यायला मात्र वेळ लागला. केंद्रीय रेशीम मंडळाच्या बंगळूरच्या तांत्रिक संस्थेने चांप्याच्या एका उद्योजकाला सोबत घेऊन 'बुनियाद' नावाचं धागा काढण्याचं यंत्र तयार केलं. 2019 मध्ये वस्त्रोद्योग मंत्रालयाने ते वेगवेगळ्या राज्यांतल्या बायकांना वाटलं आणि मांडीवरची कताई बंद करायची असं ठरवलं. त्या वेळी मंत्रालयाने आकडे सांगितले होते. मांडीवर धागा काढणारी बाई दिवसाला सुमारे 125 रुपये कमावते, या यंत्रावर 350 रुपये कमावू शकते. यंत्राची किंमत तेव्हा कर सोडून 25,000 रुपये.

'कमावू शकते' हा शब्द नीट वाचा. यंत्र भराभर धागा ओढतं, म्हणजे त्याला कोषही भराभर लागतात. कोष सारख्या आकाराचे, नीट उकळलेले लागतात. वर्षातून थोडेच महिने कोष हाती आले तर यंत्र बाकीचे महिने कोपऱ्यात उभं राहतं आणि हप्ता मात्र दर महिन्याला येतो. कोणी गट यंत्राचा विचार करत असेल तर आधी कोषाचा हिशोब करा. किती, कोणाकडून, कोणत्या महिन्यात, काय भावाने. रेशीम विभागाचं राज्याचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे. यंत्र, अनुदान, अंडीपुंज याबद्दल विचारायला ते हक्काचं ठिकाण आहे.

तरीही या यंत्राची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सरकारी संस्था होती, उद्योजक होता, आणि मध्ये बाईच्या मांडीचा प्रश्न होता. तो ठेवला गेला तेव्हाच यंत्र निघालं.

आता येणाऱ्या दिवसांबद्दल. अमरावतीजवळ केंद्राचं मोठं वस्त्रोद्योग संकुल होत आहे. 20 सप्टेंबर 2024 ला वर्ध्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी त्याची पायाभरणी केली. हजार एकरांवर आहे. म्हणजे शिलाईच्या हातांची मागणी वाढणार आणि गावोगाव प्रशिक्षणाचे फलक लागणार. त्यात काही कॉलेजं असतील, काही कंपन्या, काही मधले लोक. प्रशिक्षण फुकट आहे म्हटलं की आपण नाव लिहून मोकळ्या होतो. जरा थांबा.

शिलाईचं प्रशिक्षण दोन जातीचं असतं आणि नाव दोघांचंही शिलाईच. बँका चालवतात ती आरसेटी, तिथलं प्रशिक्षण स्वतःच्या धंद्यासाठी असतं. माप घेणं, ब्लाऊज कापणं, पूर्ण कपडा उभा करणं, हिशोब लिहिणं. राहणं-जेवण तिथेच, पैसे लागत नाहीत. दुसरं प्रशिक्षण कारखान्यासाठी. वस्त्रोद्योग मंत्रालयाची 'समर्थ' योजना 2017 पासून आहे, तिच्यात उद्योगवाले स्वतः प्रशिक्षण देतात, हजेरी आधारच्या अंगठ्यावर होते आणि शिकलेल्यांपैकी मोठ्या हिश्श्याला काम लावून देण्याची अट असते. इथली मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके मारते. आणि कारखान्यात एक बाई पूर्ण शर्ट शिवत नाही. एक फक्त खिसा लावते, एक फक्त कॉलर, एक फक्त काज. तीन महिन्यांनी ती खिसा लावण्यात पटाईत होते, पण घरी येऊन ब्लाऊज कापता येत नाही. त्यात प्रशिक्षणाची चूक नाही, ते त्यासाठी नव्हतंच. चूक आपली, की आपण विचारलं नाही.

आपल्याच प्रभागातल्या चौदा मुली अशा एका प्रशिक्षणाला गेल्या होत्या. पुढे परराज्यातल्या एका कारखान्यात काम लागलं. दोन महिन्यांत पाच जणी परत आल्या. पगार सांगितलेला होता तेवढाच होता, पण खोलीचं आणि जेवणाचं त्यातूनच कापायचे, हे जायच्या आधी कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, आणि त्यांच्या घरी जाऊन "पाठवा, चांगलं आहे" म्हणणारी मीच होते. ते मला अजून बोचतं. बाकीच्या नऊ जणी मात्र टिकल्या. एकीने घराला पत्रे टाकले, एक आता तिथे लाइनची सुपरवायझर आहे. म्हणून "जाऊ नका" असं मी कोणाला म्हणणार नाही.

पण आता कोणी आलं की मी बैठकीत सगळ्यांसमोर विचारते की याचा पैसा कोण देतंय आणि त्याला यातून काय हवंय. कंपनी म्हणाली "आम्हाला कामगार हवेत", तर ते सरळ उत्तर आहे, त्यात लाज नाही. मग पगार हातात किती येतो, खोलीचे किती कापतात, प्रमाणपत्रावर कोणाचा शिक्का, आणि मागच्या तुकडीतल्या दोन मुलींशी बोलायला नंबर मिळेल का. शेवटच्या प्रश्नावर जो अडखळतो त्याचा फलक मी आपल्या कार्यालयात लावत नाही.

आता परत त्या बाईच्या प्रश्नाकडे, तपासणी कुठे होते. पहिली तपासणी आपल्या अंगणात होते. तागा घेण्याआधी दुकानदाराकडून मीटरभर कापड विकत घ्या. काठापासून थोडं आत, पन्नास सेंटिमीटर लांब आणि पन्नास रुंद असा चौकोन रंगीत दोऱ्याने टाके घालून आखा. पेनने नको, धुतल्यावर जातो. शाळेतली आई जसं धुईल तसंच धुवा, साबण लावून, घासून. सावलीत वाळवा, इस्त्री करा, परत मोजा. पन्नासचं अठ्ठेचाळीस झालं तर शंभराला चार आटलं. पँटची लांबी नव्वद असेल तर साडेतीन सेंटिमीटर गेले समजा. तेवढं वाढवून कापा, नाहीतर सगळा तागा आधी भिजवून मग कापा, नाहीतर घेऊच नका. आम्ही त्या गणवेशाचा उरलेला तुकडा असा धुऊन पाहिला. पन्नासचं साडेसेहेचाळीस झालं. शंभराला सात!

रंगासाठी पांढरं फडकं ओलं करून कापडावर दहा-वीस वेळा दाबून घासा. फडक्याला रंग लागला तर पोराच्या शर्टालाही लागणार. उन्हासाठी तुकड्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून आठ-दहा दिवस कौलावर ठेवा आणि दोन्ही अर्धे शेजारी ठेवून बघा. भेसळ ओळखायला दोन-चार धागे चिमट्यात धरून जाळा, पण पदर सांभाळून आणि लेकरं लांब ठेवून. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख राहते. रेशीम आणि लोकर जळताना केसांसारखा वास येतो. पॉलिस्टर वितळतं आणि कडक मणी होतो. कोशाची साडी विकणाऱ्या तायांनी हे गिऱ्हाइकासमोर करून दाखवलं तर भाव करण्याची त्याची हिंमत कमी होते, असं एका गटाचा अनुभव सांगतो. शुद्ध रेशमासाठी केंद्रीय रेशीम मंडळाची 'सिल्क मार्क' ही खूण 2004 पासून आहे, ती मोठ्या दुकानात तुम्ही पाहिली असेल.

पण टेरीकॉटमध्ये सूत किती आणि पॉलिस्टर किती, हे जाळून कळत नाही. दोन्ही आहेत एवढंच कळतं. त्याला प्रयोगशाळाच लागते. तिथे कापडाचा तुकडा वजन करून आम्लात ठेवतात, सूत विरघळून जातं, पॉलिस्टर राहतं. उरलेल्याचं वजन केलं की हिशोब लागला. धाग्याची ताकद, रंगाचा पक्केपणा, आटणं, सगळं मोजून शिक्क्याचा कागद देतात. हे काम मुंबईतली बीट्रा करते, केंद्र सरकारची वस्त्रोद्योग समिती करते. गिरण्यांनी स्वतःसाठी काढलेल्या संस्था आता फी भरणाऱ्या कोणाचंही कापड तपासतात. कापड कुरिअरने पाठवता येतं. पाठवण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारायच्या, किती मीटर लागेल आणि कोणत्या तपासणीची किती फी. सगळ्या तपासण्या करायची गरज नाही, आपल्याला आटण्याची आणि भेसळीची पुरे. एका गटाला फी जड जाते. पण संघातल्या दहा गटांनी एकाच दुकानदाराकडून एकत्र कापड घ्यायचं ठरवलं तर एकच तुकडा तपासावा लागेल. कार्यकारिणीने यावर येत्या बैठकीत ठराव घ्यावा, असं मी लेखी दिलं आहे. वर्ध्याला एमगिरीला एक दिवस गटांच्या प्रतिनिधींची भेट ठेवावी, हेही त्यातच आहे. तिथे आपल्याला बघायला तर मिळेलच, पण जाताना आपण आपला प्रश्न लिहून न्यायचा. माझ्याकडे सध्या तीन आहेत. गणवेशाचं कापड, कोशाच्या तुटक्या धाग्याचं काय करायचं, आणि पायमशीनवर आठ तास बसून कंबर का जाते. तुमचा असेल तर सहयोगिनीकडे चिठ्ठी द्या.

त्या गटाचं काय झालं, हे विचाराल म्हणून सांगते. यंदा त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांकडे आम्ही गेलो. त्यांनी आधी हातच जोडले. मग सचिव ताईंनी पिशवीतून दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले, एक कोरा, एक धुतलेला, दोन्हींवर लाल दोऱ्याचा चौकोन. पट्टी त्यांच्याच टेबलावरची घेतली आणि त्यांनाच मोजायला लावलं. पन्नासचं साडेएकोणपन्नास. यंदा तीस गणवेशांची ऑर्डर मिळाली आहे, निम्मी. बाकीचे तीस जुन्या दुकानदारालाच दिले त्यांनी.

पुढच्या मासिक बैठकीला येताना ज्या कापडावर तुम्ही सध्या काम करताय त्याचा हातभर तुकडा घेऊन या. बादली आणि साबण मी आणते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक